दीड मीटर

३ फेब्रुवारी
आजपासून तत्त्व म्हणजे तत्त्व. सरकारी इंजिनिअर म्हणून सान रोके गावाच्या होड्यांच्या धक्क्याचं कंत्राट माझ्याकडे आहे; ते ठरेपर्यंत ठेकेदार हावेल्यानाकडची कॉफीसुद्धा नाही. त्याने पाठवलेली आंब्यांची पेटी परत केली. बायकोने आधीच चार काढून घेतले होते, ते धरायचे नाहीत.

१० फेब्रुवारी
हावेल्यानाने मला मुलाचा धर्मपिता व्हायला सांगितलं. याला आमच्यात कुणी नाही म्हणत नाही, बाळाला बाधतं. बाप्तिस्म्याचा आणि कंत्राटाचा काय संबंध?

२ मार्च
वाटाघाटी. एरवी 'सर' म्हणणारा हावेल्याना आज सगळ्यांदेखत 'पारे' म्हणाला, पोराच्या धर्मपित्याला म्हणतात तसं. आता सोयरेच झालो ना. खांब दोन मीटर आखूड चालतील का, म्हणाला. मी ताठ राहिलो. दीडच मीटर सोडले. एक सेंताव्हो घेतला नाही.

१९ ऑगस्ट
पहिल्याच वादळात धक्का खचला. होडीवाला नेस्तोर खाली सापडून गेला. वादळापुढे कुणाचं चालतं? तरी चौकशीत खांबांचं सांगणार. नक्की.

२१ ऑगस्ट
आमच्या चौकशी समितीचं मत: नेस्तोरने मनाई असताना होडी धक्क्याला बांधली, तिच्या हिसक्यांनी खांब उपटले. अहवालाची भाषा चांगली आहे. आज सगळे घाईत होते, खांबांचं उद्या काढीन. सही केली. सही म्हणजे काही संमती नव्हे.

२३ ऑगस्ट
नेस्तोरच्या घरी शवापाशी बसून आलो; आमच्यात माती द्यायच्या आधी आठवडाभर शव घरात ठेवून जागतात. तिथून थेट घरी गेलं तर मेलेला मागोमाग येतो, म्हणून वाटेत बेकरीत टेकलो. मग पेट्रोल पंपावर. मग न्हाव्याकडे, दाढी सकाळीच झालेली असून. जिथे जावं तिथे शेजारची खुर्ची ओली. पावसाचे दिवस आहेत. पण भीती वाटते.

२४ ऑगस्ट
आज सगळं सांगून टाकायचं ठरवूनच परत गेलो. नेस्तोरच्या बायकोने, पुरिंगने, बाजूला घेतलं. ऑफिसातून तुम्ही एकटेच आलात, म्हणाली. मग हळूच विचारलं, "इंजिनिअर साहेब, तुम्ही शिकलेले. खरंच त्याचीच चूक होती का हो?"

मी हो म्हणालो.

बरं झालं कळलं, म्हणाली, पोरं विचारत होती. माती झाली की ती गावात घरोघर जाऊन धक्क्याबद्दल माफी मागणार आहे.

एवढं करायची गरज नाही, असं मी तिला सांगितलं.