अठराव्या मिनिटाला मध्यंतर

३ फेब्रुवारी, सोमवार

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं पत्र पोचलं, टेपही पोचली. पार्सलला तू इतकी चिकटपट्टी गुंडाळली होतीस की उघडायला अर्धा तास गेला. भाऊजींचा गुडघा कसा आहे? मी बरी आहे.

तू विचारतेस, या वयात ही काय थेरं. "आईची खोली ती. तिथे सिनेमे बघणार? लोक काय म्हणतील?" लोक काही म्हणत नाहीत. आई सहा वर्षं त्या खोलीत पडून होती, तेव्हाही काही म्हणाले नाहीत. पलंग आठवण म्हणून ठेव, असं तू लिहिलंस. पलंग विकला. त्यात खिडकीच्या पडद्यांचं कापड आलं.

आता तपशील देते, कारण मी पैसे उधळते आहे असं तुला वाटतं.

खोली चौदा फूट लांब, दहा फूट रुंद. प्रोजेक्टर जुनाच. चौकातला शिकवणी वर्ग बंद पडला, त्यांचा होता. दिवा अकराशे तास जळलेला आहे, अजून दोन हजार तास जळेल. मागच्या बाजूला फळी ठोकून त्यावर ठेवला. तिथून समोरची भिंत बारा फूट. चित्र पडतं आठ फूट रुंद, सहा फूट उंच. विकतचा पडदा परवडणारा नव्हता. भिंत घासली, भेगांत लांबी भरली, पांढऱ्या रंगाचे दोन हात दिले. रंग चकाकी नसलेला घ्यावा लागतो, नाहीतर दिव्याचा ठिपका उठतो. बाकीच्या भिंती आणि छत गडद राखाडी. रंगारी म्हणाला, "बाई, ही खोली आहे की कोठडी?" मी म्हटलं, आधी कोठडी होती, आता खोली होते आहे.

स्पीकर दादाचे, माळ्यावरचे. पडदे मी शिवले, दुहेरी, काळे. सहा खुर्च्या शाळेने मोडीत काढलेल्या. सगळं मिळून तुझ्या जावयाच्या मोबाइलपेक्षा स्वस्त पडलं.

आराखड्याची प्रत सोबत जोडली आहे. एका इंचाला दोन फूट. एकवीस वर्षं ठेकेदाराकडे बसून मी दुसऱ्यांची घरं काढली, स्वतःसाठी काढलेली ही पहिली खोली. तुला रेघ आवडेल. "तुझी रेघ म्हणजे रेघ," असं तूच म्हणायचीस. नकाशा कार्यालयाच्या मुलाखतीत साहेबही जवळजवळ तेच म्हणाले होते.

टेपला बुरशी लागली होती. स्टुडिओवाल्याने ती साफ केली आणि दादाचं लग्न पेनड्राइव्हवर उतरवून दिलं. जोडणी बघायला तो घरीही आला. तेव्हा मी त्याला म्हटलं, "हे चित्र जास्त रुंद दिसतं. उजवीकडे दार आहे ना, हे दार आम्ही कधी पाहिलंच नाही."

तो म्हणाला, "पाहणार कसं? जुने टीव्ही चारी कडा खायचे. चौकटीखाली जायचं ते. टेपवर होतं, तुमच्या टीव्हीवर नव्हतं. इथे सगळं दिसतं."

आठ फुटांत एक वीतभर पट्टी. बरोबर वीतच, मी मोजली.

तो भाग तुला पाठ आहे. लग्नाची सकाळ, पुढची खोली, आई पाहुण्यांच्या चादरींच्या घड्या घालते आहे. मग उजवीकडून तू आत येतेस, कॅमेरा दिसतो, हसतेस आणि म्हणतेस, "अरे, माझा नको घेऊस, अजून केस विंचरायचेत!" दर वेळी टेप लागली की सगळी मिळून हे वाक्य म्हणायची. मीसुद्धा.

तू आत येण्याआधी दारात पोस्टमन उभा आहे. खांद्याला पिशवी. तो वही पुढे करतो. तू डाव्या हाताने सही करतेस. घरात डावरी तू एकटीच. लांब पाकीट घेतेस, दोन्ही बाजूंनी बघतेस, दाराशी रचलेल्या उशांच्या ढिगात खाली सरकवतेस. मग आत येतेस. मग हसतेस.

कोपऱ्यात तारीख आहे. सकाळचे नऊ चाळीस. मी तेव्हा स्टेशनवर होते, तुझ्या सासरच्यांना आणायला. तूच पाठवलं होतंस.

आई मान खाली घालून घड्या घालत राहते. तिने वर पाहिलं नाही. हे मी चार वेळा तपासलं.

नकाशा कार्यालयाचं नेमणुकीचं पत्र येईना म्हणून दीड महिन्याने मी चौकशी केली. उत्तर आलं: पत्र रजिस्टरने पाठवलं, पोचल्याची सही आहे, मुदत संपली, जागा भरली. सहीची तारीख लग्नाची होती. आपण दोघी पोस्टात गेलो. तू माझ्या पुढे होतीस.

"सही कुणाची आहे ही? वाचून दाखवा!"

"घरातल्या बाईंनीच घेतलं हो," पोस्टमन म्हणाला. "लग्नघर होतं, गर्दी होती. चेहरा नाही लक्षात."

"चेहरा लक्षात नाही, म्हणजे पत्र दिलंच नाही! सही काय, कुणीही खरडेल."

तू काउंटरवर हात आपटलास. मला वाटलं, बहीण असावी तर अशी. तक्रारीचा अर्ज तू सांगितलास, मी लिहिला, माझ्या सुबक अक्षरात. त्या माणसाची बढती अडली आणि लांबच्या गावी बदली झाली. हे मला तेव्हाच कळलं होतं, आणि बरं वाटलं होतं. तेही लिहून ठेवते.

परत येताना तू मला जवळ घेतलंस. "जाऊ दे गं. आईलाही तुझाच आधार." मी तुझ्या खांद्यावर रडले. पत्र गेलं, नोकरी गेली, त्यापेक्षा त्या खांद्याचा राग मला जास्त आहे.

का केलंस, हे विचारणार नाही. दादा लग्नानंतर परदेशी जाणार होता. मी गेले असते तर आई तुझ्याकडे आली असती. एवढं मला कळतं.

पहिला खेळ रविवारी, सोळा तारखेला, दुपारी चार वाजता. दादा आणि वहिनी सुट्टीवर आले आहेत, ते येणार. तुझी मुलगी येणार. मामाचं लग्न मोठ्या पडद्यावर म्हणून तिने जावयालाही सांगितलं आहे. त्यांना फक्त एवढंच माहीत आहे की टेप जुनी आहे. आराखड्यात खुर्च्यांना आकडे घातले आहेत. पुढच्या रांगेत एक नंबरची तुझी. तिथून उजवी कड नीट दिसते, मी बसून पाहिलं. दोन नंबरची त्या पोस्टमनची.

ते निवृत्त होऊन इथेच लेकीकडे राहतात. गेल्या आठवड्यात मी त्यांना भेटायला गेले होते. अर्ज मी लिहिला होता, हे सांगितलं आणि माफी मागितली. बराच वेळ ते चष्मा पुसत होते. मग म्हणाले, "आता त्याचं काय करायचं, बाई? माझी बायको जाईपर्यंत म्हणत होती, तुम्हीच ते पत्र कुठेतरी हरवलं असेल." चष्मा डोळ्यांवर चढवून म्हणाले, "येतो. सिनेमा बघून दहा वर्षं झाली."

तुझं वाक्य येतं अठराव्या मिनिटाला. त्याआधी अर्धं मिनिट मी चित्र थांबवणार आहे. दिवे लावीन, चहा देईन. मध्यंतर दहा मिनिटांचं. त्या दहा मिनिटांत तू उठून सगळ्यांसमोर, पोस्टमनकडे बघून खरं सांगितलंस, तर पुढचं दाखवणार नाही. टेप तुला परत देईन, जाळ नाहीतर जप. नाही सांगितलंस, तर दिवे पुन्हा मालवीन.

आली नाहीस, तर मध्यंतर होणार नाही.

मी तुला माफ केलं नाही. करीन असंही नाही. दहा मिनिटं देते आहे, ती आईच्या खोलीत बसणार आहोत म्हणून.

भाऊजींना नमस्कार.

तुझी,
धाकटी

ता. क. हे पत्र रजिस्टरने पाठवते आहे. दारात वही पुढे येईल, तेव्हा सही तूच कर. पोचपावती माझ्याकडे येते.