मुसीतली नांदेडची पिशवी

जामबाग, हैदराबाद
१४ डिसेंबर १९९४

ती. सौ. तारामतीताईस,

धाकट्या कमलचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे आणि भाऊजींचं दुकान, दोन्ही चालत असतील अशी आशा आहे. (गुडघे चालत नसतील तर माडीवर जाऊ नकोस.) घरी पत्रं गहाळ होतात म्हणून नेहमीप्रमाणे दुकानाच्या पत्त्यावर लिहिते आहे.

यंदा शाळेत पर्यावरण हा विषय आला आणि तो माझ्या गळ्यात पडला, कारण मी कॉन्व्हेंटची, म्हणजे मला स्वच्छता येते. निवृत्तीला चार महिने उरलेत. वाटलं, मुलांनी बाईंची एक तरी गोष्ट लक्षात ठेवावी. सोमवारी आठवीच्या वर्गाला मुसी नदीवरच्या अफझलगंजच्या पुलाखाली नेलं. आई याच पुलावरून पळसाच्या द्रोणात निर्माल्य सोडायची आणि तो दिसेनासा होईपर्यंत आपण कठड्याला लटकायचो, आठवतं? आता द्रोण तरंगेल एवढं पाणी नाही. माणसाने नदीचं काय केलं यावर मी भाषण केलं. चांगलं झालं. मग मुलं काठ्यांनी कचरा उपसू लागली आणि मेघनाने एक पिवळी प्लॅस्टिकची पिशवी वर काढली. तिच्यावर 'हर्षवर्धन वस्त्रभांडार, नांदेड', आत झेंडू आणि दूर्वा, आणि तोंडाशी माझी दुहेरी गाठ.

ताई, शुक्रवारी रिक्षातून मीच ती फेकली होती. निर्माल्य कचऱ्यात कसं टाकायचं? रिक्षावाला म्हणालाही, "अम्मा, पानी उधर है, इधर कायकू फेंकते?" पण मागे बस भोंगा वाजवत होती.

मुलं कोड्यात पडली. नांदेडला गोदावरी, तिथली पिशवी मुसीत कशी? मेघना म्हणाली, "बाई, हल्ली सगळंच बाहेरून येतंय." मी मान डोलावली. खोटं बोलणं पाप, हे सिस्टरांनी शिकवलं होतं. मान डोलावण्याबद्दल त्या काही बोलल्या नव्हत्या.

मुलांना माझे आशीर्वाद, तुझी खूप आठवण येते.

तुझी
कमल

ता. क. पिशवीवरचा पत्ता पाहून मुलांनी भाऊजींना निषेधाचं पत्र पाठवलंय. (शुद्धलेखन मीच तपासलं.) त्यांनी कृपा करून माफी मागावी आणि दिवाळीत मला डझनभर पिशव्या दिल्याचं लिहू नये.

आणखी ता. क. पाकीट फोडून लिहिते आहे. ते पोस्टात टाकायला मेघनाकडे दिलं होतं. तिने वरचा पत्ता वाचला, दोनदा. मग विचारलं, "बाई, घरी अजून किती आहेत?" सात, मी म्हटलं. (बाकीच्या कुठे गेल्या हे तिने विचारलं नाही.) "मग उद्या वर्गात आणा, बाई. आणि भाषण तेच करा, फक्त 'माणसाने' म्हणता तिथे 'मी' म्हणा."

तेव्हा भाऊजींनी तसदी घेऊ नये. माफी उद्या दुसऱ्या तासाला मीच मागते आहे. तुमच्याकडे पळसाचे द्रोण मिळत असतील तर थोडे पाठव. पिशवीत घालू नकोस.