हिरवी गाडी

वर्लिन,

गराज उघडताच माझे मस्तक भडकले. दोन वर्षे खपून आपण उभयतांनी त्या जुन्या मस्टँगला शर्यतीच्या गाडीचे रूप दिले, आणि तू तिला हिरवा रंग फासलास? शर्यतीत हिरवी गाडी अशुभ मानतात, हे आपल्या घरात तरी सांगावयास नको. बाबा त्या दिवशी उसन्या हिरव्या गाडीत बसले, ते परतले नाहीत. तू म्हणशील, "दादा, रंग काय माणूस खातो होय?" मला वाद घालावयाचा नाही. शनिवारी तू या रंगाने मैदानात उतरणार नाहीस. स्टिअरिंग काढून मी कामावर नेत आहे. तांबड्या रंगाचा डबा बाकावर आहे. तो लावल्यावरच स्टिअरिंग मिळेल. तोवर आईला गराजकडे फिरकू देऊ नकोस.

हार्लन