खंडेनवमीचं ऑइल

बाबा, तुमच्या गाडीत कोणतं ऑइल टाकायचं हे ठरवताना माझं आणि मेकॅनिकचं जे बोलणं झालं, ते तुम्हाला सांगायचं आहे. तुम्ही असतात तर त्या बोलण्यात मला तोंड उघडू दिलं नसतं. गाडीतलं तुला काय कळतं, असं म्हणून स्वतः पुढे झाला असतात. तर आता ऐका. गाडी अजून आहे. तुम्ही गेल्यावर काकांनी ती विकायची म्हटलं होतं, पण आईने ऐकलं नाही, आणि मी चालवायला शिकले. हेंद्रेपाड्यातून उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात मी हिच्यावरूनच जाते. तिथे कटिंग बघते. बाई असून असली जुनी फोर-स्ट्रोक मोटरसायकल चालवते म्हणून सिग्नलला लोक वळून बघतात, त्याचीही आता सवय झाली आहे.

गेल्या काही महिन्यांपासून ती सायलेन्सरमधून निळा धूर सोडत होती. चिखलोलीच्या चढावर इंजिन नुसतं ओरडायचं आणि गाडी जागची हलायची नाही. आरटीओचं पासिंग जवळ आलं होतं. असा धूर ओकणारी गाडी पास होणार नाही, आणि पास झाली नाही तर भंगारात. नेहमीच्या माणसाने दुकान बंद केलं, म्हणून मी आमच्या कारखान्याजवळच्या एका सिंधी मेकॅनिककडे गेले. तुमच्याच वयाचा असेल, म्हणजे तुम्ही आज असतात तर त्या वयाचा. वाटेत मी मोठ्या दिमाखात महागातल्या सिंथेटिक ऑइलचा डबा घेतला होता. म्हातारपणी तरी तिला चांगलंचुंगलं खाऊ घालावं, असा माझा विचार. त्याने डबा हातात घेतला, फिरवून बघितला आणि न उघडताच बाजूला ठेवला.

"दीदी, हे नंतर. पहिले सांगा, इतने साल इसमें काय टाकत होते?"

"चांगलंच ऑइल," मी म्हणाले. "ट्वेंटी डब्ल्यू फॉर्टी. नेहमीचं."

बाबा, ते उत्तर माझ्या तोंडून इतक्या झटकन आलं की मी स्वतःच दचकले. कारण ते खोटं होतं हे मला माहीत होतं, आणि तो आवाज माझा नव्हता. दवाखान्यात तुम्ही ज्या आवाजात बोलला होतात, तो होता.

तुमच्या खात्यातला खंडेनवमीचा दिवस मी एकदाच पाहिला, पण तो अजून डोळ्यांसमोर आहे. अंबरनाथच्या तुमच्या कंपनीत त्या दिवशी घरच्यांना आत सोडायचे. कॉम्प्रेसरला झेंडूची माळ, पान्यांना हळदकुंकू, व्हाइसच्या जबड्यात नारळ. पूजा झाली की मेन्टेनन्सचे साहेब ड्रमच्या तळाशी उरलेलं कॉम्प्रेसरचं ऑइल सगळ्यांना वाटून द्यायचे. ज्याने त्याने घरून कॅन आणलेला असायचा. तुम्ही सगळे त्याला प्रसाद म्हणायचात, आणि अर्धे थट्टेत म्हणत असतील, पण तुम्ही स्वतः थट्टेत म्हणत नव्हतात. तुम्ही तो कॅन हँडलला अडकवून, हेडलाइटवर माळ घालून घरी येता, आणि अंगणात गाडी उभी करून दर वर्षीप्रमाणे तेच ऑइल इंजिनात ओतता. एवढा मोठा कॉम्प्रेसर ज्याच्यावर चालतो, त्याच्यावर ही चिमुरडी गाडी चालणार नाही का, असं मला विचारता. मी मान डोलावते. कंपनीची वस्तू वाईट असूच शकत नाही, हे आपल्या घरात सगळ्यांना पाठ होतं.

तसंच ते थिनर. ते तर रोजचं होतं. यंत्राचे भाग धुवायला कंपनीत जे थिनर होतं, त्यानेच तुम्ही सगळे हात धुवायचात, आणि बाटली भरून घरीही आणायचात. स्वयंपाकघरातल्या मोरीत बसून तुम्ही कोपरापर्यंत ते चोळायचात आणि चुलीवरच्या बोंबलाच्या वासात तो गोड वास मिसळायचा. आई म्हणायची, "नाय आवडत मला तो वास. साबण काय वाईट हाय?" तुम्ही हसून दोन्ही हात तिच्या नाकाशी न्यायचात. तुमच्या हातांची कातडी पांढरी पडून भेगाळलेली असायची, तरी तुम्हाला ते हात स्वच्छ वाटायचे. मला आता तो वास नेलपॉलिशच्या दुकानात आला तरी मी बाहेर येऊन उभी राहते.

मग तुमच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. नुसतं दाराला दंड लागला तरी काळंनिळं व्हायचं. शरीरात रक्त बनायचंच थांबलं होतं. मोठ्या दवाखान्यात त्या तरुण डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवून तुम्हाला विचारलं, "कामावर कशाकशात हात असतो तुमचा? एखादं केमिकल, थिनर, काही?" तुम्ही म्हणालात, "काही नाही मॅडम. साफ काम आहे आमचं." आई म्हणाली, "अहो, ते थिनर..." आणि तुम्ही तिच्याकडे न बघता म्हणालात, "तिला काय कळतं त्यातलं." आई गप्प बसली. मी शेजारच्या स्टुलावर तुमची पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. कंपनीने तुम्हाला नोकरी दिली, गाडीसाठी कर्ज दिलं, दिवाळीला बोनस दिला, आणि तुम्ही तिच्यावर आळ येऊ दिला नाहीत. मला त्या दिवसाचा राग अजून आहे बाबा. तुम्ही गेलात त्याचं दुःख कमी झालं, हा राग झाला नाही.

तर मेकॅनिक माझ्याकडे बघत उभा होता. तो म्हणाला, "बघा, नेहमीचं ऑइल असेल तर मी तुमचा हा महागवाला डबा आत्ता टाकतो. पण दुसरा कुछ असेल, तर आत गाळ जमला असेल. नया सिंथेटिक त्याला एकदम सोडवणार, तो जाऊन जाळीत बसणार, ऑइल वर चढणार नाही. रस्त्यातच इंजिन पकडणार, जाम होणार. फिर तुम्ही मला शिव्या देणार." तो हसला. मला हसू आलं नाही. माझ्या त्या एका खोट्यावर तो ऑइल निवडणार होता.

मी त्याला खरं सांगितलं. कॉम्प्रेसरचं ऑइल, खंडेनवमी, ड्रमचा तळ. आणि मग मला थांबताच आलं नाही. त्याने विचारलं होतं फक्त गाडीचं, मी तुमच्या हातांचंही सांगितलं, मोरीचं, डॉक्टरीणबाईंचं, तुमच्या उत्तराचं. आयुष्यात पहिल्यांदा मी ते मोठ्याने बोलत होते, तेही ग्रीस लागलेल्या स्टुलावर बसून एका अनोळखी माणसापुढे. त्याने पाना खाली ठेवला. मग म्हणाला, "शहाडला माझा पण एक दोस्त होता. उसके यहाँ भी थिनर से ही हाथ धोते थे." पुढे त्या दोस्ताचं काय झालं ते त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

त्याने इंजिनच्या बाजूचं झाकण उघडलं. आत सगळीकडे काळी साय धरली होती, बोटाने ओढली की लांब निघायची. "आता ऐका," तो म्हणाला, "या गाळानेच आतलं सगळं धरून ठेवलंय. साफ केलं तर सील गळतील, आवाज वाढेल, कदाचित बंदच पडेल. नाही केलं तर असंच धूर मारत थोडे दिवस चालेल. जाड ऑइल टाकून देतो, पासिंग निघून जाईल. बोला." मी म्हणाले, साफ करा. मला वाटलं होतं मी विचार करेन, घरी फोन करेन. पण तसं काही झालं नाही. त्याने हाताने निघेल तेवढं खरवडलं, साधं पातळ ऑइल भरून इंजिन हळू चालवलं, काढून टाकलं, पुन्हा भरलं. दर वेळी ट्रेमध्ये काळं पाणी पडायचं. शेवटी साधं ट्वेंटी डब्ल्यू फॉर्टी भरलं, सिंथेटिकचा डबा मला परत दिला. त्याने सांगितलं तसे सील गळलेच. ते बदलले, क्लच प्लेट बदलल्या. धूर कमी झाला आहे, गेला नाही. पासिंग होईल की नाही माहीत नाही.

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं. तिचे गुडघे आता चालू देत नाहीत, ती खाटेवर बसून पावटे सोलत होती. मला वाटलं होतं ती तुमची बाजू घेईल. ती सोलत राहिली आणि म्हणाली, "मी सांगितलं होतं तिला."

"कुणाला?"

"त्या डॉक्टरणीला. दुसऱ्या दिवशी एकटी गेले. सगळं सांगितलं, थिनर, बाटली, सगळं. ती म्हणाली, आता यांचं काय बदलणार नाही, पण बाकीच्यांना थांबवा."

आणि आईने थांबवलं बाबा. जी बाई गल्लीच्या बाहेर तुमच्याशिवाय गेली नव्हती, ती तुमच्या खात्यातल्या प्रत्येकाच्या घरी गेली. बायकांना सांगितलं, मोरीतल्या बाटल्या फेकून द्या, नवऱ्यांना साबण द्या. काहींनी दारातून वाटेला लावलं. काहींनी ऐकलं. त्यातल्याच एकीच्या नवऱ्याने साहेबांच्या कानावर घातलं, आणि साहेबांनी खात्यात सगळ्यांना बजावलं, त्या घरी कुणी जायचं नाही, ती बाई कंपनीला बदनाम करते.

शेवटच्या महिन्यांत तुम्ही दाराकडे तोंड करून पडलेले असायचात. ड्युटी सुटायची वेळ झाली की विचारायचात, "कोणी आलं का?" आई म्हणायची, "शिफ्ट बदलली असेल." इतकी वर्षं ज्यांच्याबरोबर डबा खाल्ला त्यांच्यातला एकही आला नाही, आणि तुम्ही भिंतीकडे वळलात, त्यानंतर विचारलंच नाही. आपल्यात काहीतरी कमी पडलं असेल, असं तुम्ही काकांना म्हणाला होतात. आई ते शेजारच्या खोलीतून ऐकत होती. एका शब्दाने ती तुमचं ते दुखणं कमी करू शकली असती. पण मग तिला हेही सांगावं लागलं असतं की तुमच्या कंपनीचं नाव तिने घेतलं.

"त्यांना नको सांगू हां," आई आता म्हणाली. तुम्ही इतक्यात ड्युटीवरून येणार असल्यासारखी. मी बरं म्हटलं.

हे पत्र कुठे जाणार नाही, आणि आईला दाखवणारही नाही. पण तुमची माणसं तुम्हाला विसरली नव्हती, त्यांना अडवलं होतं, एवढं तुम्हाला कळायला हवं असं मला वाटलं. आणि एक. आईचं ऐकून झाल्यावर तुम्ही भिंतीकडे तोंड करून पडलेले मला आठवलात, तुमची कीव आली, रडूही आलं. पण ते नंतर. आधी मला आईचा अभिमान वाटला, आणि तो वाटत असताना तुम्ही मला आठवलाही नाहीत.