ताटलीच्या कडेचं साल

सूनबाई,

पाळणा तयार झालाय म्हणून सुताराचा फोन आला होता. त्याच्याकडेच जातोय. घरी आणत नाही, काळजी करू नकोस. काय करायचं ते तिथेच बघतो.

केक डब्यात आहे. बाळ गेल्यापासून तुला दुधाचा वास सोसत नाही, म्हणून दूध-लोणी आजही घातलेलं नाही. पण एक कबूल करतो. महिनाभर मी त्यात उकडलेला राजमा वाटून घालतोय, आणि लाल भोपळाही. तुझ्या अंगात रक्त राहिलं नाही, ताटाकडे तू बघत नाहीस; केकला तेवढं नाही म्हणत नाहीस. इतका मऊ कसा होतो विचारलंस, तेव्हा सासऱ्याचा हात बसलाय म्हणून वेळ मारून नेली.

काल तुझी ताटली घासायला घेतली, तर कडेला राजम्याचं एक साल काढून ठेवलेलं. बाकी ताटली स्वच्छ. म्हणजे तुला ठाऊक होतं, आणि म्हाताऱ्याचं मन राखायला खात होतीस.

मला यायला संध्याकाळ होईल. आज मी समोर नसताना एक तुकडा खा, पोरी. ताटली घासू नकोस, तशीच ठेव. आल्यावर मी घासेन.

बाबा