हरकत असल्यास खाली लिहावे

सोमवार, ४ मार्च

दुपारी सुखरूप पोचलो. गाव नीटनेटकं, माणसं सभ्य. मला इथे कुणी ओळखत नाही, तेव्हा सभ्यता टिकेलही. ज्यांच्याकडे काम त्यांच्याच दुकानावरची खोली आठवड्याभरासाठी मिळाली. खाली अंत्यविधीची सगळी व्यवस्था करून देणारं दुकान, वर मी. पलंग, टेबल, खुर्ची, खिडकीत एक कुंडी. बत्तीस वर्षं संस्कृत शिकवलेल्या माणसाला शांत शेजाराची सवय असतेच.

काम एवढंच: दादाची रक्षा अकरा वर्षं इथे पडून आहे, ती घरी न्यायची. सगळं तिथेच यथासांग झालं, असं मी आईला तेव्हा सांगितलं होतं. गेल्या महिन्यात दुकानाचं पत्र नेमकं तिच्या हाती पडलं. आई शहाऐंशीची आहे, पण चष्मा नवा आहे. म्हणाली, त्याला घेऊन ये, तोवर मला तोंड दाखवू नकोस. त्यानंतर ती माझ्याशी अवाक्षर बोललेली नाही. दुकानाची आधीची पत्रं टपालात गहाळ झाली असावीत. मी स्वतः कुणाचं पत्र अनुत्तरित ठेवत नाही. वर्तमानपत्राच्या संपादकांना विचारा, ते हात जोडून सांगतील.

मंगळवार, ५ मार्च

मालकाचं नाव मी मनात टापटीपराव ठेवलं आहे. पेन्सिलसुद्धा टेबलाच्या कडेला समांतर ठेवतो. मागच्या खोलीत छतापर्यंत फळ्या, त्यांवर करड्या बरण्या, प्रत्येकीवर क्रमांक आणि ‘दाखल’ असं लिहून तारीख. न्यायला कुणी आलेलं नाही अशा अठ्ठ्याण्णव जणांची ही वर्गखोली. इतका शांत वर्ग मला आयुष्यात मिळाला नाही.

दादाचा क्रमांक एक्केचाळीस. लगेच मिळणार नाही म्हणे. मागणी करणाऱ्याच्या नावाची सूचना सात दिवस दारावर लावतात, खाली ठळक ओळ: हरकत असल्यास खाली लिहावे. शेजारी दोरीला पेन. तोवर बरणी पुढच्या टेबलावर, आणि फळीवर तिच्या जागी माझ्या नावाचं कार्ड. कशाला, विचारलं, तर म्हणाला, जागा रिकामी ठेवत नाही आम्ही. एक जागा सुटली की पुढचे सगळे क्रमांक चुकतात. मी म्हटलं, पाणिनीनंतर तुम्हीच. हसला नाही. बहुधा पाणिनी त्याच्या गिऱ्हाइकांत नसावा.

बुधवार, ६ मार्च

सकाळी सूचनेखाली एक ओळ: ‘याच्या घरी जागा नाही. खोलीत पुस्तकं आहेत.’

गंमत वाटली. मग वाटली नाही. दादा आजारी पडला तेव्हा चार महिने राहायला येऊ का म्हणाला होता. खोलीत पुस्तकं आहेत, असं मी म्हटलं होतं. फोनवर. तेव्हा तिसरं कुणी नव्हतं. त्याच्या पगारावर मी शिकलो, तीच पुस्तकं, हे त्याने तेव्हा काढलं नाही. दादा होता तो, मी असतो तर काढलं असतं.

मालकाला विचारलं. इथे कोण येतंय लिहायला, म्हणाला. पण हरकत फाईलला लावून घेतली.

गुरुवार, ७ मार्च

नाश्ता झाल्यापासून दारासमोर खुर्ची टाकून बसलो. कुणी फिरकलं नाही. मधे जांभई दिली, तेवढ्यात डोळे मिटले असतील तर असतील. ओळ होती.

‘हॉस्पिटलातून फोन आला, तो यानेच उचलला. राँग नंबर म्हणाला.’

शाई ओली. अक्षर चौकोनी, प्रत्येक वेलांटी पट्टीने आखल्यासारखी. दादा चाळीस वर्षं नकाशे काढत होता. माझ्या शाळेच्या वह्यांवर नावं तोच घालायचा.

होय, म्हणालो होतो राँग नंबर. दहावीचे पेपर तपासत होतो. नंतर करू म्हटलं. नंतर कसलं.

शुक्रवार, ८ मार्च

‘पत्रं गहाळ झाली नाहीत. सहा होती.’

मालकाने फाईल उघडून समोर धरली. सहाही पाकिटं. प्रत्येकावर, ‘या नावाची व्यक्ती येथे राहत नाही.’ माझं अक्षर. सुबक आहे, मुलं वाखाणायची.

आता लपवून काय. मीच परत पाठवली. एकदा पाठवल्यावर दुसऱ्यांदा काय तोंडाने फोडायची? सूचना काढा, बरणी द्या, मी निघतो, असं मालकाला सांगितलं. तो पेन्सिल सरळ करत राहिला. दोनदा सांगितलं.

शनिवार, ९ मार्च

मालकीणबाई खोली झाडायला आल्या. मी खुर्चीत बसलेलो. त्यांनी खुर्ची पुसली. पाठ, हात, बैठक. फडकं माझ्या मांडीवरून फिरलं, आणि मला ते — गार लागलं, इतकंच.

खाली जाऊन कार्ड पाहिलं. माझ्या नावाखाली आता क्रमांक आहे. एक्केचाळीस. त्याखाली: दाखल, ५ मार्च.

कार्ड उचलायला गेलो. चिकटलेलं नाही. उचलत मात्र नाही.

रविवार, १० मार्च

स्टेशनवर गेलो. तिकीटखिडकीवरचा माणूस माझ्या मागच्याशी बोलत होता. मागच्याच्या मागच्याशी. परत आलो — आलो म्हणजे, इथेच होतो.

आज हरकत नाही. कागद कोरा. बरं वाटायला हवं.

सोमवार, ११ मार्च

अकरा वाजता टेबलावर बरणी नव्हती. सूचनेखाली चौकोनी अक्षर: ‘हरकत मागे घेतो. माझा मी जातो.’ नोंदवहीत, नेणाऱ्याचं नाव — दादाचं. नातं — स्वतः. मालकाने खाली सही केली, शाई टिपली, वही मिटली. जणू रोजचंच.

घरी फोन लावला. आईनेच उचलला. आई, मी, म्हटलं. ती कुणाला तरी साखर किती विचारत होती. किती दिवसांनी ऐकला हा आवाज, इतका मऊ. मग मला म्हणाली, राँग नंबर. मला मुलगा एकच, तो आत्ताच घरी आलाय. खोलीतली पुस्तकं बाहेर काढतोय.

मी पुन्हा म्हटलं, आई —

मंगळवार, १२ मार्च

खोली दुसऱ्या कुणाला दिली. मी आता मागच्या खोलीत. चाळीस आणि बेचाळीसच्या मधे. जागा बेताची. पुस्तकं मावली नसती.

मालक पत्र लिहितो आहे. लिहिताना मोठ्याने म्हणायची खोड. आपल्या नातलगाची रक्षा आमच्याकडे — पत्ता आमच्याच घरचा. माझं हे पहिलं पत्र. पोचेल. टपालखातं चांगलं आहे, मी उगाच —

दार दादाच उघडेल. उभ्या उभ्या वाचेल. पट्टी घेईल, पाकिटावर नीट, चौकोनी — या नावाची व्यक्ती येथे