होडी वगळून

मी, खाली सही करणारी, वय सहासष्ट, शिवणकाम करून निवृत्त झालेली, आज माझ्या हाताने आणि माझ्या मर्जीने हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव टाकायला घरात कोणी नाही. माझे मन ताळ्यावर आहे. याबद्दल माझ्या दिरांना शंका आहे. ती त्यांनी स्वतःच्या मृत्युपत्रात नोंदवावी.

वकिलांनी बजावले आहे की साक्षीदार दोन हवेत, आणि ज्याला या कागदाने काही मिळणार आहे तो साक्षीदार नसावा. ऐकताना सोपे वाटले होते.

कलम एक. राहते घर, मागच्या अंगणासह, माझ्या मुलाला. तो दूर असतो, पण वाईट मुलगा नाही. फोनवर "जेवलीस का" विचारतो आणि उत्तर येईपर्यंत थांबतो. एवढेच की अंगणातल्या होडीचा विषय निघाला की तो सुस्कारा टाकतो. "आई, ते धूड भंगारवालासुद्धा नेणार नाही." खरे आहे. लाकडाची असती तर चुलीत घालता आली असती, लोखंडाची असती तर वजनावर गेली असती. फायबरचे काहीच होत नाही. ते कुजत नाही, गंजत नाही, नुसते मागे उरते. मी गेल्यावर तो माणसे लावून तिचे तुकडे करील आणि कुठल्या तरी खड्ड्यात टाकील. घर त्याचे, पण होडीवर त्याचा हात पडू नये, यासाठीच मी मुळात हा कागद लिहायला बसले.

कलम दोन. बँकेतील ठेव मुलाला. शिवणयंत्र शेजारणीला. ती माझ्याशी फार बोलते असे नाही, पण होडी घासायच्या ग्राइंडरचा आवाज आला नाही की कुंपणावरून डोकावते. "आज गप्प गप्प? म्हटलं बघून यावं." त्या आवाजाने दुपारची झोप जाते अशी तिची तक्रार होती, ती कधी बंद झाली ते मला कळले नाही.

कलम तीन. ग्राइंडर, रोलर, ब्रश आणि उरलेली काचधाग्यांची मॅट रेझिनच्या दुकानदाराला. पहिल्यांदा गेले तेव्हा त्याने विचारले होते, "मिस्त्रीला का नाही पाठवलं?" मी म्हटले, "मिस्त्री मीच." तो हसला नाही, हे मी लक्षात ठेवले आहे. त्याने मला पातळ रेझिनमध्ये ते घट्ट करणारे हार्डनर किती घालायचे ते शिकवले. "उन्हात हात आखडता घ्या बाई, नाहीतर डब्यातच दगड होईल." एकदा झालाच. ब्रश त्यात उभाच्या उभा राहिला. तो डबा मी दाराला अडणी म्हणून वापरते; तोही त्याने न्यावा.

कलम चार. होडी.

ही होडी माझे यजमान आणि त्यांचा धाकटा भाऊ यांची सामाईक. दोघांनी वीसेक वर्षे तिच्यावर मासेमारी केली. यजमान पाय मोडून घरी पडले असताना दिरांनी ती विकली. विचारले नाही. "दादा आता काही दर्यावर जात नाही," असे बाहेर सांगितले. दादा पुढे बरे झाले आणि दुसऱ्याच्या बोटीवर नोकरीला राहिले. सख्ख्या भावाशी ते त्यानंतर बोलले नाहीत.

उतारवयात त्यांना ती एका शेतात सापडली. तिच्यात कडबा भरलेला होता. परत विकत घेऊन टेंपोवर घालून घरी आणली तेव्हा मी म्हटले, "हिला ठेवायची कुठं?" त्यांना ऐकू आले नाही. इंजिनाशेजारी उभे राहून त्यांचे कान गेले होते आणि आमचे बोलणे मीठ संपले, बिल आले, एवढ्यावर येऊन थांबले होते. मोठ्याने ओरडून सांगण्यासारखे माझ्याकडे काही नव्हते.

पण जुन्या फायबरची तपासणी कानानेच करावी लागते. हातोडीच्या दांड्याने ठोकत जायचे. चांगला भाग खणखणीत वाजतो. आत पाणी मुरून थर सुटलेले असतील तिथे आवाज बद्द येतो. त्यांना दोन्ही सारखेच. म्हणून ते ठोकत आणि माझ्या तोंडाकडे बघत. मी मान हलवली की खडूने गोल काढत. मग पुढची जागा, पुन्हा माझे तोंड. लग्नाच्या पहिल्या वर्षातही त्यांनी माझ्याकडे इतके बघितले नव्हते. डाव्या बाजूची दुरुस्ती अशी दोघांनी मिळून पूर्ण केली, आणि ते गेले.

उजवी बाजू मी एकटीने केली. सुटलेला भाग घासून काढायचा, मॅट बसवायची, रेझिन पाजायचे, रोलरने हवा दाबून काढायची. हे काम दोघांचे आहे. एकाने भिजवायचे, दुसऱ्याने दाबायचे, कारण रेझिन कोणासाठी थांबत नाही. मी एका हाताने उरकतील एवढेच तुकडे लावले, रुमालाएवढे. डाव्या बाजूला लांब पट्ट्या आहेत, उजवीकडे ठिगळे. जाणकाराला बघताच कळेल की इथून पुढे एकच माणूस होते.

दीर रोज मागच्या फाटकापाशी येतात. आत येत नाहीत.

"वहिनी, बुडबुडे राहिलेत."

"दिसतात मला."

"उद्या दर्यात गेल्यावर पाण्यातलेही दिसतील."

"तुम्ही विकली नसती तर तिची ही गत झालीच नसती, नाही का?"

यावर ते चप्पल झटकतात आणि जातात. दुसऱ्या दिवशी येतात.

तरी ही होडी मी त्यांनाच देते. प्रेमाने नाही. ती वाऱ्यात कुठल्या अंगाने कलते हे जाणणारा दुसरा माणूस जिवंत नाही, आणि तुकडे करायला त्यांचा हात धजणार नाही, म्हणून.

कलम पाच. साक्षीदार.

इथे माझे घोडे अडले. मुलगा, शेजारीण, दुकानदार, दीर. या कागदात नाही असे माझे माणूस शोधू लागले, तर उरलेच नाही. दुधाची पिशवी टाकणाऱ्याचे तोंड मी पाहिलेले नाही. पोस्टमन म्हणाला, "आजी, कोर्टात यावं लागेल का?" आणि सायकलवर बसला. डॉक्टर दर वर्षी नवे असतात. एवढी वर्षे जगून दोन परकी ओळखीची माणसे मला जमवता आली नाहीत. तेव्हा कोणाचे तरी नाव खोडणे आले. शेजारणीला यंत्र हवेच आहे, तिने लाजत सांगितले. दुकानदाराला विचारले.

"ग्राइंडर दुकानात ढिगानं पडलेत बाई. आणा, कुठं सही करू?"

म्हणून कलम तीन रद्द. ग्राइंडर आणि इतर सामानाचे मुलाने काय ते करावे.

दुसऱ्या सहीसाठी मी काल फाटकापाशी उभी राहिले. दीर आले, तेव्हा कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा पुसला आणि कलम चार उभ्यानेच वाचले. विकल्याचे वाक्य आले तिथे थांबले. पण खोडा म्हणाले नाहीत.

"म्हणजे तुम्ही जाणार, मग होडी माझी."

"हो."

"तुम्ही माझ्याहून लहान. तब्येत घोड्यासारखी. मी तोवर थांबू? माझे गुडघे थांबतील?"

"मग काय करू म्हणता?"

"माझं नाव काढा. सही मी करतो."

"आणि होडी?"

त्यांनी कडी चाळवली. मग फाटक उघडून आत आले, उजव्या बाजूने चालत गेले आणि माझ्या ठिगळांवरून हात फिरवला. काही नावे ठेवली नाहीत.

"मागची फळी राहिलीय," म्हणाले. "इंजिन तिच्यावरच बसतं. एकट्यानं व्हायची नाही ती. सोमवारी येतो."

माफी त्यांनी मागितली नाही, मी दिली नाही.

त्यामुळे कलम चार रद्द. होडी या मृत्युपत्रात धरलेली नाही. फळी बसली की ती पाण्यात जाईल, माझ्या हयातीत, आणि मी तिच्यात बसेन. पुढे तिचे काय करायचे ते त्या वेळी सुकाणूवर जो असेल त्याने ठरवावे. मुलाला कळवायचे ते मी फोनवर कळवीन. त्याने सुस्कारा टाकला तरी चालेल.

वरील मजकूर मी वाचून पाहिला, तो बरोबर आहे.

स्थळ: राहते घर, मागचे अंगण
दिनांक: ९ मार्च

लिहून ठेवणारी: (सही)

साक्षीदार एक: रेझिनचे दुकानदार (सही)

साक्षीदार दोन: धाकटे दीर (सही). यांना या कागदाने काहीही मिळत नाही.